बोटाला विचारून

सोलापूर रस्ता सोडून सोरतापवाडीत वळलं
की ट्रकांचा धूर मागे राहतो
आणि हिरव्या जाळीखालचा उजेड सुरू होतो,
विहिरीत बुडी मारून वर बघावं तसा.

जानेवारीतली सकाळ. स्वेटरच्या आत अजून एक स्वेटर.
हौसाबाई चोरघे पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून
काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून चालल्या होत्या,
झोपलेल्या पोरांमधून वाट काढावी तशा.
अनंत, तगर, कर्दळ, नावं न कळणारी शोभेची झाडं,
आणि पार शेवटी, मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर
एक वेल. पाच टोकांची पानं, कडेनं पांढरट,
कुणी खडूनं बाह्यरेषा काढून ठेवल्यासारखी.
"आयवी," बाई म्हणाल्या. "थंड गावची पोर आहे.
पुण्यात नांदंल, पण दुपारच्या उन्हाला धाडू नका."

मी छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन.
सरळ रेघेवर पोट भरलं.
विचारलं, पाणी किती वाजता? रोज किती मिली?
त्यांनी माझं बोट धरलं, खरंच धरलं,
आणि मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं.
"ओलं लागलं तर गप बसायचं. कोरडं लागलं तर द्यायचं.
घड्याळाला नाय, बोटाला विचारून.
माणसं ह्यांना उपाशी नाय मारत,
लाडानं मारत्यात."

पहिलं रोप मी लाडानंच मारलं.
चिनी मातीची देखणी कुंडी, निळ्या नक्षीची, तळाला भोक नाही.
पानं पिवळी, मुळं काळी,
वास कोपऱ्यात विसरलेल्या पोतेऱ्याचा.
परत गेलो. बाईंनी मेलेल्याची चौकशी केली नाही.
तेलाचा रिकामा डबा पुढे सरकवला,
हातात खिळा दिला, दगड दिला.
चार भोकं पाडली. एकही सरळ रेषेत आलं नाही.
"डबा माझा, माती माझी," बाई म्हणाल्या,
"भोकं तेवढी तुमची." दीडशे रुपये.

आता कर्वेनगरच्या या बाल्कनीत
तो डबा, झाकण हरवलेला कुकर,
मुलीची रंग कालवायची बादली, ती मुलगी आता बंगळुरूत,
आणि एक हेल्मेट, ते कुठून आलं आठवत नाही.
प्रत्येकात एकेक फांदी, आईच्या डब्यातून कापून लावलेली.
एप्रिलात पानांखाली लाल कोळी झाले, टाचणीच्या टोकाएवढे.
एकेक पान मागच्या बाजूनं धुतलं,
बाळाच्या कानामागे धुवावं तसं.
तेवीस पानं गेली. मोजली, सवय जात नाही.

पावसाळ्यात वेल कठड्यावरून खाली उतरली
आणि खालच्या उकिडवे बाईंच्या ग्रिलला पोचली.
त्या माझ्याशी तीन वर्षं बोलत नाहीत.
माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या पोह्याच्या पापडांवर पडलं होतं.
मी माफी मागितली होती, पण जिन्यात, उतरता उतरता.

एका सकाळी कात्री वाजली. कच.
म्हटलं, बरोबरच आहे. त्यांची हद्द.
पंधरा दिवसांनी वाकून पाहिलं तर
त्यांच्या ग्रिलमध्ये खोकल्याच्या औषधाची बाटली,
बाटलीत माझी फांदी,
आणि पाण्यात शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक
पांढरी मुळं, सहा की सात,
कुठलीच सरळ नाही.

मी काही बोललो नाही. त्याही नाहीत.
आमच्या दोघांमध्ये एक मजला आहे
आणि कापलेल्या टोकाला पुन्हा फुटलेली दोन पानं.

काल बाटली गेली. तिच्या जागी कुंडी आली,
चिनी मातीची, पिवळी, महागातली.
तळाला भोक आहे की नाही
इथून दिसत नाही.

विचारावं लागेल.