उपचार न केलेलं लाकूड

एप्रिल सरता सरता विनेबागोवरचा बर्फ गेला
आणि ऑशकॉशच्या आमच्या गल्लीत
बोटींवरच्या ताडपत्र्या उतरू लागल्या.
माझी बोट सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, तिशी उलटलेली;
गेल्या सप्टेंबरात व्हर्लिनकडून घेतली, अकराशे डॉलरला,
ट्रेलरसकट.
"ट्रेलरच्या फळ्या तेवढ्या बघून घे," म्हणाला होता,
जसं कुणी म्हणावं, जाताना दार ओढून घे.

बघितल्या.
गालिचा अंगठ्याने दाबला तर पाणी आलं.
सप्टेंबरपासून बोट तळ्यात उतरलेली नाही,
तरी पाणी.

मी रात्रपाळीची नर्स, बावीस वर्षं.
पाठीखाली ओल राहिली की काय होतं
ते मला कुणी शिकवायला नको.
माणसाची कूस दर दोन तासांनी बदलतो आम्ही.
बोट आपली पडून होती
एकाच अंगावर, अख्खा हिवाळा.

व्हर्लिन आला, पालथ्या बादलीवर बसला,
नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर पान्यांचा डबा.
"एका वेळी एकच बाजू. दोन्ही काढल्यास
तर बोट तुझ्या अंगावर."
जॅक लावला, ठोकळे सारले.
चार बोल्टांपैकी एक सुटला,
तिघांना कापावं लागलं;
ठिणग्या शेजारणीच्या ट्युलिपांपर्यंत.
मग गालिचा, फाटत, चिकटत, वास मारत,
आणि एकशे सदतीस स्टेपल.
मोजले. पूर्वी ऑपरेशन थिएटरात होते,
आत गेलेलं सगळं बाहेर आलं पाहिजे.

खाली लाकूड नव्हतंच.
भिजवलेल्या पोह्यांसारखं काहीतरी
हातात आलं मूठभर.

दुकानातून हिरवट फळ्या आणल्या,
औषध प्यायलेल्या, वीस वर्षांची हमी.
व्हर्लिनने लांबूनच मान हलवली.
"परत दे. त्या औषधात तांबं असतं.
ओल्या गालिच्यातून पत्र्यात उतरतं, भोकं पाडतं.
जे लाकूड कुजत नाही
ते बोट खातं."
"मग?"
"साधं पाइन घे."
"ते कुजेल."
"दहा वर्षांनी. कुजू दे की.
फळी असतेच त्यासाठी."

मी काही बोलले नाही.
हृदय सांभाळणारी, मूत्रपिंड कुरतडणारी
असली औषधं मी रोज रात्री
कागदी पेल्यातून वाटते,
पाण्याचा घोट पुढे करते, थांबते
गिळेपर्यंत.

साधं पाइन. वार्निशचे तीन हात, तीन दिवस,
गॅरेजभर वास, माझी झोप उडालेली.
मग नवा गालिचा, राखाडी.
"वरून स्टेपल नको, पोट खरवडेल तिचं.
कडेने मार. आणि खालून मोकळं सोड,
पाण्याला जायला वाट हवी."
टोकाशी आले तेव्हा हात आपोआप वळले:
पलंगाच्या चादरीचा कोपरा दुमडतात तसा
पंचेचाळीस अंशांत दुमडला, ताणला, ठोकला.
व्हर्लिन बघत राहिला.
"हे कुठे शिकलीस?"
"मिरजेला," मी म्हटलं.
कुठे म्हणून त्याने विचारलं नाही.

जुनी फळी कचऱ्याच्या डब्याला टेकवली होती.
खालची बाजू तेवढी शाबूत,
तिच्यावर पेन्सिलीने: साडेआठ फूट, खोडलेलं,
शेजारी आठ फूट अकरा इंच.
"माझं अक्षर नाही," तो म्हणाला. मग जरा वेळाने,
"आर्डिस. पहिलं माप तिचं कायम चुकायचं."
हसला, त्याचा खोकला झाला,
नळी सरळ केली मी.

नव्या फळीच्या पोटाशी
मीही लिहून ठेवलं, ८ फूट ११,
आपल्या आकड्यांत.
दहा वर्षांनी जो उघडेल
त्याला टेप लावावीच लागेल.

जॅक सोडला.
बोट कण्हली, सरकली बोटभर,
टेकली.

"हं," व्हर्लिनने बादली उचलली
आणि पलीकडे नेऊन पालथी ठेवली.
"आता दुसरी बाजू."