मागची बाजू

प्रत्येक वीट मी हातोडीच्या दांड्याने वाजवून बघते.
टण्ण म्हणाली तर डावीकडच्या पेटीत,
भद्द म्हणाली तर खडीत.
दिवसाला चार हजार विटा, आणि काम सगळं कानाचं.

जुनी भिंत असली की सोपं जातं.
मशीनने जरा हलवलं की चुना आपणहून गळतो.
शंभर वर्षं धरून ठेवलेली वीट
सासरी निघालेल्या मुलीसारखी सोडतो, फार ओढून न धरता.
खाली पांढरी पूड साचते.
हबतोम तिला पीठ म्हणतो.
एरिट्रियात त्याच्या आईच्या जात्याभोवती
असंच पडायचं, म्हणतो, आणि झाडून टाकतो.

साठ सालानंतरच्या भिंती वेगळ्या.
सिमेंट सोडत नाही.
छिन्नी घाला, पहार घाला,
आधी वीट फुटते, मग सांधा.
आमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे एकच शब्द: भराव.

रानर्सच्या दूधसंघाची इमारत उतरवायला घेतली
तेव्हा नकाशावर साल होतं सदुसष्ट.
गवंड्यांची नावं नकाशावर नसतात.
मला एक ठाऊक होतं.

रविवारी बाबा आम्हाला तिथे न्यायचे,
दूध बघायला नाही, दर्जा बघायला.
"बोट फिरव," म्हणायचे, "कुठे अडतंय?"
मी सात वर्षांची. फ्योर्डवरच्या वाऱ्याने बोट बधिर.
अडतंय की नाही, मला कळतच नसे.
"एकास तीन," ते सांगायचे,
दुसऱ्यांचे बाबा प्रार्थना शिकवतात त्या आवाजात,
"एक सिमेंट, तीन वाळू. बापजन्मात सुटायची नाही."

नाहीच सुटली.
आता चौरस मीटरमागे कार्बन किती, ते कायद्यात लिहिलंय,
नवी वीट भाजली तर भट्टीचा धूर
कुणाच्या तरी खात्यावर मांडावा लागतो.
म्हणून कोपनहेगनहून एक आर्किटेक्ट आली, सिग्ने,
माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची,
हात पाठीमागे बांधून भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली
आणि म्हणाली, सोडवू नका. कापा.

हिऱ्याचं पातं, पाण्याची धार,
हबतोमच्या बुटांवर लाल गाळ.
भिंतीचे चौकोन निघाले, मीटर बाय मीटर,
पोलादी चौकटीत ताठ उभे,
वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

आठवडाभराने बॉयलरखोलीमागे पोचलो.
तिथे आम्हाला कुणी कधी नेलं नव्हतं.
सांधे अंगठ्याएवढे जाड,
थर एकीकडे उतरलेले,
ओळंबा त्या दिवशी घरीच राहिला असावा.
माल बाहेर ओघळून तसाच वाळलेला,
वर थापीचा पुसट फटका.
शुक्रवारची भिंत. दुपारनंतरची.
हबतोमने करवत बंद केली. माझ्याकडे बघितलं.
मी बोट फिरवलं.
सगळीकडे अडलं.

सिग्नेला नेमके तेच चौकोन आवडले.
नव्या वाचनालयाच्या दर्शनी भागावर, दाराच्या उजवीकडे,
येणाऱ्याच्या नजरेत पहिले भरतील असे.
हात दिसतो यात, ती म्हणाली.

वृद्धाश्रमात बाबांनी विचारलं, सुटली का?
नाही, म्हटलं. कापावी लागली.
हसले. पांघरुणावर तळहात सपाट फिरवला,
एकदा, परत एकदा, कडेपर्यंत.
परिचारिकेने कॉफी ठेवली. निवली.
मी कोट घालत होते तेव्हा म्हणाले,
"आणि मागची बाजू?"

पुढे लावली, म्हटलं.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.
त्याचा आवाज संपेपर्यंत ते गप्प राहिले.
"ती हॉल्गरची," म्हणाले.
मग जरा घाईने, "हॉल्गरला प्यायची सवय होती."

गवंड्यांची नावं नकाशावर नसतात.
मी मान हलवली
आणि उरलेली बटणं लावली.