खात्यात येत नाही

तीस वर्षं मी वजनांना शिक्के मारले.
लोखंडी वजन उलटं केलं की बुडाशी भोक असतं,
भोकात शिसं, शिशावर वर्षाची खूण.
माझ्यापुरतं सरकार तेवढंच होतं,
करंगळीच्या नखाएवढं.

कंधारच्या बाजारात केवळाबाई
करडई, जवस, कारळं मांडून बसायची.
मला बघून ताजवा पुढं करायची,
"दांडी बघ बाबा, पासंग बघ.
पारड्यात काय घालावं ते मात्र इचारू नको."
निजामाच्या लेव्हीत ज्वारी घालून
उरलेलं पोतं तिच्या बापानं
चुलीमागच्या भिंतीत लिंपलं होतं.
घरच्याच माणसानं, म्हणायची,
घरच्याच ज्वारीची चोरी.

एका बाजारी पाच-सात जण आले,
इस्त्रीचे सदरे घातलेले.
रुक्मोद्दीनला उठवा म्हणाले.
सप्ता बसलाय, आणि हा अंडी विकतो.
मी त्याची पाटी पाहिली.
अंडी मोजून विकतात, तोलून नाही.
म्हणालो, "आमच्या खात्यात येत नाही."

हे वाक्य मी जन्मभर वापरलं होतं
निराधार म्हातारीच्या पगारीला,
फुटलेल्या नळाला,
जेवायची वेळ झाली की कशालाही.
त्या दिवशी ते जिभेवर पाच किलोचं झालं.

"मग कुणाच्या खात्यात येतं?"
मला सुचेना.
केवळाबाई सुपातनं डोळे न काढता म्हणाली,
"घेणाऱ्याच्या."

ते गेले. साहेबाकडं अर्ज गेला, तो वेगळा.
तिनं माझ्या पेटीतलं पितळी वजन उचललं,
मखमलीतलं, ज्यावर बाकीची जोखायची.
"ह्याला कोण तोलतं?"
"औरंगाबादला जातं, वर्षातनं एकदा."
"आन् औरंगाबादच्याला?"
"मुंबई."
"आन् मंबईला?"
मी पेटी मिटली. कडी दोनदा लावली.

आता पेन्शनीत आहे.
बाजारात नवे फलक लागलेत:
कुणी कुठं बसावं, किती वाजता उठावं,
काय मांडावं, काय झाकावं.
फलकाच्या मागं जाऊन पाहिलं,
नुसता पत्रा.
शिसं नाही, साल नाही,
उलटं करून बघायची सोयच ठेवलेली नाही.

काल डझनभर अंडी आणली.
एक फुटकं निघालं.
रुक्मोद्दीनच्या पोरानं काही न विचारता
दुसरं हातावर ठेवलं,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.