बाहेरून लावलेला झोपा

हीउमा बेटावर, जनावरांच्या दवाखान्यात,
सकाळी सात चाळीसला उर्वेने एक बिल उघडलं.
कुणाचं, कशाचं, काही कळत नव्हतं.
वर फक्त: थकबाकी, तातडीने.
उर्वे जन्मात कुणाचं देणं लागलेली नाही,
म्हणून तर घाई.

पान कोरं. माथ्यावर पिवळी पट्टी:
मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या.
दिली.
इतक्या नम्रपणे विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं
हे बेटावर कुणी शिकवत नाही.

मग तासभर काहीच झालं नाही.
तिने कॉफी केली, एका लंगड्या बोकडाची नोंद केली,
डॉक्टर हेल्दुरला म्हणाली, संगणक आज दमलाय.
दमला नव्हता.
एकेक फाइल उचलून, आतून उलटी करून
परत जागच्या जागी ठेवत होता,
इतक्या शिस्तीत, की दिसलं असतं
तर तिला कौतुकच वाटलं असतं.

फोनवर मी ओरडलो होतो: आधी तार उपट!
दुपारच्या बोटीने पोचलो, तर तिने
होत्या नव्हत्या तेवढ्या तारा उपटलेल्या,
लसींच्या फ्रिजचीसुद्धा.
पहिल्यांदा फ्रिज लावला.

पडद्यावर चिठ्ठी. प्रिय ग्राहक.
एस्टोनियन यंत्राने लिहिलेली, विभक्त्या सगळ्या चुकलेल्या,
आकडा मात्र बरोबर,
आणि खाली उलटं चालणारं घड्याळ.

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात.
इथे बैल गेलाच नव्हता.
गोठ्यातच उभा, तेवढाच, तेवढ्याच वजनाचा,
झोपा कुणी परका बाहेरून लावून गेलेला;
फटीतून हात घातला
तर शिंग शिंगासारखं लागेना, कान कानासारखा.

द्यायचे का पैसे? हेल्दुरने एकदाच विचारलं.
म्हटलं, किल्ली येईल, नाहीही येणार.
पण हे दार उघडतं, एवढं मात्र
त्यांच्या वहीत कायमचं लिहिलं जाईल.
तो गप्प बसला. सुईण-गाईच्या दोरीशी चाळा करत.

हाकलणं सोपं असतं, हे लोकांना खरं वाटत नाही.
कुलूपबंद डिस्क काढून बाजूला ठेवली,
नवी बसवली, सगळं मुळापासून मांडलं,
परवलीचे शब्द बदलले
(तिन्हींत उर्वेच्या मांजराचं नाव).
रात्री नऊला यंत्र लख्ख.
लख्ख, म्हणजे रिकामं.
चोर गेला होता. कुलूप गेलं नव्हतं.

बॅकअप होता की.
संगणकालाच जोडलेला, रात्रंदिवस, विश्वासाने.
म्हणून तोही.

दुसरा निघाला हेल्दुरच्या घरी, बुटांच्या खोक्यात:
दोन डोक्यांच्या वासराचा फोटो बायकोला दाखवायला
नोव्हेंबरात नेलेला, आणि विसरलेला.
मी सगळ्यांना शिस्त शिकवत हिंडतो,
त्या दवाखान्याला विसरभोळेपणाने वाचवलं.

नोव्हेंबर ते मार्च मात्र नव्हता कुठेच.
मग लोक यायला लागले. लेएलो
स्वयंपाकघरातलं कॅलेंडरच खिळ्यासकट घेऊन आली,
डागांतून वाचता येत होतं: राखाडी मेंढी, जुळी, एक गेलं.
म्हाताऱ्या आउगुस्टने मेंढ्याच आणल्या, ट्रॉलीतून.
उर्वे गुडघाभर चिखलात वाकून
कानातले बिल्ले वाचत होती, मोठ्याने,
आणि मी आत, कोरड्यात, आकडे लिहीत होतो.
या बिल्ल्यांना कुठूनच आत शिरता येत नाही, मनात आलं,
आणि स्वतःच्या धंद्याची जरा लाज वाटली.

ती बंद डिस्क फेकायची नाही, मी बजावलं.
कधीतरी कुठेतरी कुणी पकडलं जातं,
किल्ल्या सांडतात.
उर्वेने ती औषधांच्या कपाटात ठेवली,
वर चिकटपट्टी, तिच्या गोल अक्षरात:
भूल दिली आहे. मृत नाही.

पुढच्या आठवड्यात मी माझं बिल मेलने पाठवलं.
तीन दिवस कुणी उघडलं नाही.
चौथ्या दिवशी फोन.
मागे कुठलीशी गाय हंबरत होती.
"हे," उर्वे म्हणाली, "नक्की तूच का?"