एकतीस वर्षांचे आटे

साखळी ताणली गेलीय, मी म्हणाले.
सेनादने मान हलवली.
पोलाद असं ताणत नसतं, मारित,
पिना झिजतात, दिसणारही नाही इतक्या,
आणि एकशे बारा पिनांची ती झीज एकत्र केली
की करंगळीच्या नखाएवढी होते.

त्याने मापाची पट्टी कड्यांत सोडली.
अडायला हवी होती. आत पडली, खट्कन.

बरं, नवी साखळी घाल, मी म्हणाले, एवढंच.
एवढंच नसतं.
मागच्या चक्रीचे दात बघ,
जुनीबरोबर झिजलेत, तिच्याच मापाने, तिच्याच खोडीने.
नवीला ते उभी करायचे नाहीत.
कालव्याच्या पुलावर चढताना घसरेल
आणि तुझा गुडघा हँडलला.

मला भावाची दुसरी बायको आठवली,
जिला आम्ही ओळीने आठ नाताळ
पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली.

मग चक्रीही, म्हटलं. काढ.

ती निघेना.
रात्रभर तेल पाजलं, तरी निघेना.
पायडल मारलं की ही घट्टच होते, सेनाद म्हणाला,
तिचे आटेच तसे. दुसऱ्या कुणी नाही आवळली.

म्हणजे मीच.
इस्पितळाच्या लाँड्रीतली सहाची पाळी,
सामुद्रधुनीवरून थेट छातीवर येणारा वारा,
मिठाने पांढरे झालेले फेब्रुवारीतले रस्ते,
इंगेलाला ताप होता आणि उशीर झाला होता
तेव्हा उभ्याने मारलेली पायडलं,
मुकादमाच्या नावाने मारलेली,
आणि कित्येक तर कसलाच विचार न करता:
प्रत्येकाने थोडी थोडी आवळलेली.

त्याने पाना शिकंज्यात उभा आवळला,
वर अख्खं चाक आडवं बसवलं.
धर तिकडून. डावीकडे.
दोघं रिमला लोंबकळलो, दोन म्हातारी माणसं,
बसचं स्टिअरिंग वळवावं तशी.

झेनित्सात मी बस चालवायचो, तो मध्येच म्हणाला.
सोळा वर्षांत प्रथमच ऐकत होते.
बाजारापाशी असंच डावं वळण होतं,
पॉवर स्टिअरिंग नव्हतं, हिवाळ्यात तर...
पुढचं वाक्य त्याने गिळलं, कारण तेवढ्यात

कडाड्!

मला वाटलं काहीतरी मोडलं.
मोडलं नव्हतं. सुटलं होतं.
नंतर तर ती बोटांनीच फिरली,
बरणीच्या झाकणासारखी,
आणि आतले आटे निघाले लख्ख, कोरे.
तेवढ्या जागेत एकतीस वर्षं
पाऊस गेला नव्हता.

पुढची तबकडीही बदलली; तिचे दात
शार्कच्या पंखासारखे एका अंगाला कललेले.
पायडलं राहू दे म्हटलं.
राहू दिली. सहाशे चाळीस क्रोनर,
आणि हात धुवायला नारंगी साबणाची पेस्ट.

घरी आले ती आवाज न करता.
पूर्वी करकर मी कोपऱ्यावर असतानाच
खालच्या मजल्यावरचा बोस्से फाटकाशी यायचा, शेपटी हलवत.
आज पडून राहिला.
मी त्याच्या अगदी समोर उतरले, तेव्हा
दचकून भुंकला,
मग वास घेतला, आधी माझा,
मग बराच वेळ साखळीचा,
आणि नाकाला काळं लावून घेतलं.

जुनी चक्री स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.