मूळ रंग

आधी मी पेटी पालथी घालतो.
वरून सगळ्याच वस्तू शहाण्या दिसतात,
खरं काय ते बुडाशी कळतं.

न्यू हॅम्पशर. ऑक्टोबर संपत आलेला.
आर्डिस कॉर्लिसबाईंच्या स्वयंपाकघरात
टेबल भिंतीशी सारलं, जुनं ब्लँकेट अंथरलं,
आणि त्यांचा मुलगा ड्वाइट नि मी,
दोघांनी मिळून ती उलटी केली.

सहा फळ्यांची पेटी, खाली एकच खण.
पाइनची एकेक फळी हातभर रुंद,
तसलं झाड आता इथं शोधून सापडायचं नाही.
करवतीचे ओरखडे सरळ,
म्हणजे गोल पातं यायच्या आधीचे.
खिळे लोहाराच्या हातचे,
प्रत्येकाचं डोकं वेगळं चेपलेलं.
खणाच्या तळाला रंध्याच्या लाटा,
डोळे मिटून बोटांनी वाचाव्यात अशा.
एका कोपऱ्यात सांधा चुकलाय,
तिथं सुताराने पाचर मारून वेळ निभावली आहे.
(ही पाचर मला फार आवडली.
नकली माल बनवणारे अशी चूक करत नाहीत.)

"सतराशे चाळीस," मी म्हणालो, "फार तर पन्नास."
ड्वाइटने खुर्ची पुढे ओढली.

मग पेटी सरळ केली,
आणि खिडकीच्या उजेडात ती उभी राहिली
सोललेल्या बटाट्यासारखी.

"रंग कुणी काढला?"

"मी," बाई म्हणाल्या.
"निळा होता. बासष्ट साली काढला."

आता हे कसं सांगायचं असतं ते मला पाठ आहे:
की आमच्याकडे मळाला मोल असतं,
चुलीचा धूर, चरबीच्या दिव्याची काजळी,
सात पिढ्यांच्या हातांचं तेल
यांचे पैसे मिळतात,
स्वच्छतेचे कापून घेतात.
रंगासकट चाळीस हजार. आत्ता तीन.
गिऱ्हाईक भलं असेल तर साडेतीन.

ड्वाइट हसला, तसं हसायचं नव्हतं त्याला.
"आई, अगं सदतीस हजार खरवडलेस तू."

बाई उठल्या. गुडघ्यांना वेळ लागला.
झाकणाच्या पुढच्या कडेवरून अंगठा सरकवत
एका जागी थांबल्या.
"बोट दे इकडे."
त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने
मुकाट्याने बोट दिलं.

तिथं चार खाचा. बारीक, अर्धगोल.
मघाशी मी त्यांना उंदीर समजलो होतो.

"उभा राहायला लागला होतास.
इथं धरून उभा राहायचास आणि कुरतडायचास.
ओठ निळे करून यायचास, आम्ही हसायचो.
मग जेवण सुटलं तुझं. चालणंही.
डॉक्टर म्हणाले, वरच्या थरात शिसं आहे.
मर्ल म्हणाला, जाळून टाकू.
माझ्या आईची पेटी. मी म्हटलं, थांब."

मार्च महिना, कोठारात बर्फाचं पाणी गळत होतं.
कॉस्टिक सोडा, तारेची घासणी, सहा दिवस.
अंगठी काढून ठेवली होती,
ती पुढे जूनपर्यंत बोटात जाईना.
एवढंच सांगितलं. बाकी चहाचं विचारलं.

माझ्या कागदावर रकाने असतात:
काळ, लाकूड, सांधे, दोष.
दोषांत मी लिहिलं, मूळ रंग नाही.
कडेवर खाचा, असं लिहायला गेलो,
आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

ड्वाइट अजून बोट तिथंच ठेवून होता,
जणू उचललं तर जागा सापडणार नाही पुन्हा.

काहीतरी बोलायला हवं म्हणून
मी टॉर्च कुलपाच्या भोकात धरला.
आत, लोखंडाच्या मागे,
नखाएवढा निळा शिल्लक होता,
अगदी पहिल्या हाताचा.
"बघा," मी म्हणालो, "हा राहिलाय."

बाईंनी वाकून पाहिलंही नाही.
"राहू दे," म्हणाल्या.
"तिथं त्याची जीभ पोचत नव्हती."