गेलेले दिवस

जुसिलेन, तू मागच्या दाराने आलीस,
जिथे आम्ही एप्रन वाळत घालतो.
कडेवर पोर, हातात केळ्यांचा घड.
म्हणालीस, मला दिवस गेले ते आठवतं,
तेहतीस आठवडे, मोजून.
पण त्यानंतर माझेच एकोणीस दिवस गेले.
ते कुठे ठेवलेत तुम्ही?

मी रात्रपाळीची. मार्लुसी.
सांगते, जेवढं मी पाहिलं तेवढंच.

तापाजोसच्या वरच्या अंगाकडून तुला होडीतून आणलं,
अकरा तास, झोळीत टांगून.
तुझा नवरा ऑक्सिजनचा आकडा
सिगारेटच्या पाकिटावर लिहीत आला, दर तासाला एक.
ब्याण्णव. नव्वद. सत्याऐंशी.
अकरावा त्याने लिहिलाच नाही,
पाकीट तेवढं माझ्या हातात कोंबलं
आणि फाटकाबाहेर उभा राहिला. आत येऊ देत नव्हते.

मास्कच्या आतून तू एकच विचारलंस :
कोंबड्यांना दाणे कोण टाकणार?
मग नळी घातली.

मुलगी झाली. एक किलो नऊशे. रडली,
आणि ते ऐकायला तू नव्हतीस.
आम्ही सहाजण, सगळे प्लास्टिकच्या आत,
कुणाला कुणाचा चेहरा नाही.
तिने जगात पहिल्यांदा पाहिलं ते
माझ्या चष्म्यावरचं धुकं.
कुणीतरी म्हणालं, सुटका झाली.
कुणाची, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या रात्री तुझा गाऊन ओला.
मला वाटलं सलाईन गळतंय.
नळी तपासली, सुई तपासली, चादर उचलली.
मग लक्षात आलं. पान्हा.
श्वास यंत्र घेत होतं,
झोप औषधाची होती,
पण तू इथे नाहीस
हे छातीला कुणी कळवलंच नव्हतं.

आता जे सांगते ते केळी परत घेऊन ऐक.

मी ते पिळून काढलं. साठ मिली.
आणि बेसिनमध्ये ओतलं.
भिंतीवर कागद होता, त्यावर तसं लिहिलेलं.
पाच रात्री ओतलं,
नळ मोठा सोडून, म्हणजे मलाच आवाज येऊ नये.
सहाव्या दिवशी नवा कागद आला,
जुन्यावरच चिकटवला :
ओतायची गरज नव्हती.
जुन्याचा एक कोपरा खालून दिसत राहिला,
अजून दिसतो.

तोवर तुझी मुलगी परक्यांचं प्यायली.
अग्निशमन दलाचा पोरगा सकाळी घेऊन यायचा
कॉफीच्या धुतलेल्या बरण्या,
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव, तारीख.
त्यात एक झुलेइकाची. बाजारात मिरच्या विकते ती.
तिचं बाळ राहिलं नव्हतं,
दूध राहिलं होतं.

तुझ्या शेजारच्या खाटेवरही एक होती,
तुझ्याच वयाची, पायात चांदीचा पातळ साखळा.
तिचे दिवस मागायला
अजून कुणी आलेलं नाही.
माझ्याकडे आहेत. नऊ.

तू गप्प बसलीस. एप्रन वाऱ्याने हलत होते.
मग विचारलंस : पाच रात्री?
पाच.
रोज साठ?
चौथीला ऐंशी. पाचवीला बाटली पुरली नाही.

तू बोटांवर काहीतरी मांडलंस,
पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलंस,
म्हणालीस : म्हणजे मी नुसती पडून नव्हते.

मी मास्क काढला. आता चालतं.
माझा अख्खा चेहरा पाहून तुझी मुलगी
भोकाड पसरून रडली.
चष्म्याला मात्र तिने हात घातला,
काच बोटाने पुसून पाहिली, आत काय आहे म्हणून.

आणि कोंबड्या? मी विचारलं.
दोन उरल्या, तू म्हणालीस.
अंडी एकच देते.